पहिला प्रोग्रॅम पावतीपुस्तकाचा

अमेरिकेने भारताला महासंगणक नाकारला, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ साकारला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्फूर्ती यावी म्हणून आम्ही शिक्षक ही कथा सांगतो. कथा अभिमानाचीच आहे. पण टाळ्या थांबतात, मुलगा प्रयोगशाळेत जातो, एक कंस राहून जातो, पडद्यावर इंग्रजीतून चूक उमटते आणि अभिमान तिथेच ओसरतो. पगाराच्या आकड्यांचेही तेच. चार वर्षांनी मिळणारा पगार आज अडलेल्या मुलाला खुर्चीवर धरून ठेवत नाही. मराठी माध्यमातून आलेला तर ‘हे आपलं काम नव्हे’ असे ठरवूनच उठतो. हे नुकसान मोठे आहे.

माझ्या मते प्रोग्रॅमिंगची गोडी लागते ती स्वतःचा प्रश्न सुटल्यावर. चांदण्यांचे त्रिकोण छापून कुणाचे काय अडले आहे? मी कसबा पेठेत राहतो. इथे प्रश्नांना तोटा नाही. गणपतीची वर्गणी घ्या. पावतीपुस्तके कार्यकर्ते वाटून घेतात आणि शेवटी हिशेब जुळत नाही. कोणत्या क्रमांकांच्या पावत्या परत आल्या नाहीत? एक ‘फॉर’, एक ‘इफ’. पायथनमधल्या दहा ओळी हे क्षणात सांगतात. ज्याने रात्र रात्र बसून पावत्या जुळवल्या आहेत, त्याला लूप म्हणजे काय हे वेगळे समजावावे लागत नाही.

२०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. तेव्हापासून मुले विचारतात, “सर, हे यंत्रच लिहून देतं, मग आम्ही कशाला शिकायचं?” प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्याच पावतीपुस्तकात आहे. रद्द केलेल्या पावत्यांचे काय करायचे, हे सांगितले नाही तर यंत्राचा प्रोग्रॅम त्याही हरवलेल्यांत धरू शकतो. मग एखाद्या प्रामाणिक कार्यकर्त्यावर नाहक संशय येईल. रद्द पावती मंडळातल्या पोराला ठाऊक असते. ती बाब नेमक्या शब्दांत मांडणे आणि आलेले उत्तर पारखून घेणे, हेच तर शिकायचे आहे.

आमच्या तांबट आळीत भांड्यावर मठार मारतात. त्या ठोक्यांनी तांबे कणखर होते, त्याला चकाकी येते. ती कला व्याख्याने ऐकून येत नाही. हातोडी हातात घ्यावी लागते. आम्ही मात्र मुलांकडून कागदावर प्रोग्रॅम लिहून घेतो आणि गुण देतो!

म्हणून प्राध्यापक मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. पहिला महिना गुणांचा धाक नको. प्रत्येकाने घरातला, दुकानातला वा आळीतला एक प्रश्न आणावा. चर्चा खुशाल मराठीत व्हावी, पडद्यावरच्या चुकांचा अर्थही मराठीत सांगावा. आणि चालणारा प्रोग्रॅम परीक्षकाआधी, ज्याचा प्रश्न होता त्यालाच दाखवावा. मंडळाच्या खजिनदाराने “पुढच्या वर्षीही हेच वापरू” म्हटले, की त्या मुलाला दुसरा प्रोग्रॅम लिहायला सांगावे लागणार नाही.