तोंड बाळाचं वाकडं, बोट आईकडे

रडताना बाळाचं तोंड एका बाजूला ओढलं जातं, एक डोळा मिटत नाही. अशा वेळी घरात पहिला जाब कुणाला विचारला जातो? डॉक्टरला नाही, सिस्टरला नाही. ओल्या बाळंतिणीला! ग्रहणात काय चिरलंस? भरल्या दिवसांत कुठं गेली होतीस? बाळाला वारं कसं लागू दिलंस? नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांत, तांड्यांवर काम करताना हे प्रश्न मी इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांचा क्रमही पाठ झाला आहे.

म्हणून मैत्रिणींनो, आधी शरीर समजून घेऊ. चेहरा हलवणारी नस कानामागून बाहेर येते. मोठ्या माणसात कानामागचं हाड तिला आडोसा देतं. नवजात बाळात ते हाड वाढलेलंच नसतं. नस कातडीखाली जवळजवळ उघडीच असते. चिमट्याचं पातं तिथं दाबलं, किंवा बाळंतपण लांबून बाळाचा चेहरा आईच्या कमरेच्या हाडावर फार वेळ दाबला गेला, तर नसेला इजा होते. पहिलटकरीण, मोठं बाळ, अडलेल्या कळा, चिमटा ही त्याची कारणं. यात ग्रहण कुठं आहे? आणखी एक. तोंड ज्या बाजूला ओढलं जातं ती बाजू धडधाकट असते. दुखावलेली बाजू हलत नाही.

यातली दहापैकी नऊच्या आसपास बाळं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरी होतात. तोवर जपायचा असतो तो उघडा राहणारा डोळा. थेंब, मलम दिलं नाही तर बुबुळ कोरडं पडतं, जखम होते. क्वचित ही नस जन्मतःच नीट घडलेली नसते, म्हणून तपासणी हवीच. पण तेव्हाही दोष आईचा नसतो.

मुखेड तालुक्यातल्या एका पहिलटकरणीच्या बाळाच्या कानाजवळ चिमट्याचा वळ स्पष्ट दिसत होता. दवाखान्याच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘नॉर्मल’. तिला कुणी काही सांगितलं नाही. सासरी ग्रहणाचा ठपका बसला, तिची माहेरी रवानगी झाली, बाळाला बिब्बा घातला गेला. नस आपल्या गतीने बरी झाली. बिब्ब्याचा डाग मात्र राहिला, आणि ‘हिच्या पायगुणानं’ हे शब्दही.

डॉक्टर मंडळी म्हणतात, बरंच होणार असतं, मग उगाच घबराट कशाला? आम्ही उलट विचारतो, बरं होणार आहे हे सांगायला काय खर्च येतो? चिमट्याला आमचा विरोध नाही, तो अनेकदा जीव वाचवतो. काळजी घेऊनही इजा होऊ शकते, हेही मान्य. आमचा विरोध आहे तो गप्प बसण्याला. दवाखान्याच्या मौनाची किंमत सुनेनं का मोजायची?

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेपासून सरकार आम्हाला सांगत आलं, दवाखान्यातच बाळंत व्हा. बाया गेल्या. तिथं त्यांना मिळालं काय? पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. बाळंतिणीजवळ सोबतीण असू द्यावी, असं केंद्र सरकारनं २०१६ मध्येच कळवलं. किती ठिकाणी हे पाळलं जातं, ते आपापल्या तालुक्यात जाऊन बघा.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात होते. एका खासदारानं अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं, कॅमेरे आले, गेले. मेलेल्यांची मोजदाद निदान झाली. जी बाळं इजा घेऊन घरी जातात, ती कुणाच्या वहीत आहेत? आशाताईनं बाळाला ४२ दिवसांपर्यंत भेटी द्यायच्या, हा नियम. पण कंधार-मुखेडची बाई बाळ घेऊन ऊसतोडीच्या फडावर गेली, तर तिथं तिच्या कोपीवर कोण येतं?

आमच्या मागण्या साध्या आहेत:

१. चिमटा, व्हॅक्यूम वापरला तर कारणासह कार्डावर लिहा.
२. बाळाला इजा झाली तर आईला तिच्या भाषेत, सासू-नवऱ्यासमोर सांगा.
३. डोळ्याचं औषध आणि पुढच्या तपासणीची तारीख देऊनच घरी पाठवा.
४. पोटावर दाब देणं बंद करा. सोबतिणीला आत येऊ द्या.
५. ऊसतोडीच्या फडावरही बाळंतिणीच्या भेटी झाल्याच पाहिजेत.

हे मिळेपर्यंत आपण गटांनी एवढं तरी करू या. बाळ बघायला गेलो की त्याचे दोन्ही डोळे मिटतात का ते बघू, कार्ड मागून वाचू. आणि ग्रहणाचं नाव निघालं की त्याच अंगणात, सगळ्यांसमोर विचारू: बाळंतपण कुणी केलं, आणि कसं केलं?