घोड्याच्या केसांची तार

या महिन्यात तुम्हाला एक मेटल अल्बम सुचवतोय : 'द गेरेग'. मंगोलियातल्या 'द हू' या बँडचा हा पहिलाच अल्बम, १३ सप्टेंबर २०१९ रोजी आला. एकूण नऊ गाणी, सगळी मंगोल भाषेत.

यातल्या गाण्यांचा कणा गिटार नाही, मोरिन खूर आहे. दोन तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य. तारा घोड्याच्या केसांच्या आणि वरच्या टोकाला कोरलेलं घोड्याचं डोकं. आपल्या तुणतुण्याला एक तार, याला दोन, एवढाच काय तो थाट! सोबतीला ढोल, आणि घशातून गायची जुनी पद्धत. त्या पद्धतीत एकाच गळ्यातून दोन स्वर निघतात. तंबोऱ्याचा खर्ज आणि वरची शीळ एकाच माणसाकडून यावी, तसं काहीसं.

गेरेग म्हणजे चंगीझ खानाच्या काळातला दूतांचा परवाना. तो दाखवला की वाटेत घोडे, जेवण, मुक्काम मिळे. या मुलांनी स्वतःची भाषा आणि वाद्यं हाच परवाना केला आणि जग फिरून आले.

मला मात्र जास्त भिडलं ते 'युवे युवे यू'. या गाण्याचा व्हिडिओ २०१८ मध्ये आला आणि कोट्यवधी वेळा पाहिला गेला. चाल ऐकून वाटतं, पूर्वजांचा जयजयकार चाललाय. अर्थ वाचला तर उलटंच! मंगोल म्हणून जन्मल्याच्या नुसत्या फुशारक्या किती मारणार, असा स्वतःच्याच लोकांना केलेला सवाल आहे.

हा सवाल बडोद्यात बसून ऐकला तरी टोचतो. आमच्या मंडळात शिवजयंतीला घोषणा दणक्यात होतात. पोवाडा सुरू झाला की निम्मी मुलं शेजारच्या काकांना अर्थ विचारतात. अर्थ विचारतात हे चांगलंच. पण पुष्कळदा काकांनाही तो सांगता येत नाही, ही खरी काळजी.

'द हू'ची मुलं रीतसर संगीत शिकलेली आहेत. आधी वाद्य हातात बसलं, मग त्याला वायर जोडली. तुमच्यापैकी किती जण गिटार आणि ड्रम्स छान वाजवता, हे गणपतीत दिसतंच. यंदा एक करून पाहा. एकच पोवाडा घ्या, त्यातला शब्द न् शब्द समजून घ्या, संबळ किंवा तुणतुणं येणाऱ्या कुणाकडून तरी त्याचा ठेका शिका. मग गिटार हवी तेवढी जोरात वाजवा. आवाजाबद्दल कुणी तक्रार केली, तर मी तुमच्या बाजूनं बोलेन.

ऐकायला सुरुवात 'युवे युवे यू'पासून करा, मग 'वुल्फ टोटेम'. आणि हेडफोन काढून ठेवा; आजीलाही ऐकू दे.