पिन तिचा, मर्जी कुणाची?

“पिन कुणी टाकला?”

बँकेतल्या साहेबांनी हा प्रश्न तीनदा विचारला. पहिल्यांदा तिला, दुसऱ्यांदा मला, आणि तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलाकडे बघून हसत. मग त्यांनी फॉर्म आमच्याकडे सरकवला आणि म्हणाले, “पिन बरोबर असेल तर व्यवहार खातेदाराचाच. आम्ही काय करणार?”

ही गोष्ट २०२४ च्या दिवाळीनंतरची, इचलकरंजीतली. ती कांडीवाली आहे, यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते. बचत गटाची सचिव आहे. नाव देत नाही, तिनेच नको म्हणून सांगितलंय. तीन रात्रींत तिच्या खात्यातून ३८,५०० रुपये गेले. त्यातले २७,००० गटाच्या बायकांचे होते. कर्जाचा हप्ता भरायच्या आधी चार दिवस तिने ते स्वतःच्या खात्यावर ठेवले होते. तसं ठेवू नये हे तिलाही ठाऊक होतं. पण गटाचं खातं असलेली शाखा लांब, आणि कामाचा खाडा तिला परवडत नाही. पैसे गेले ऑनलाइन कॅसिनोत. खेळला नवरा, तिच्या फोनवरून, ती झोपल्यावर.

“मी न्हाई खेळलो ओ ताई,” ती म्हणाली. “फोन माझा, पन खेळलं दुसरंच.”

या एका वाक्यासाठी बँकेच्या फॉर्मात रकाना नाही. हा लेख त्या रकान्याबद्दल आहे.

आधी पैसे जातात कसे ते पाहू, कारण आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना ते माहीत नाही. मलाही नव्हतं. समाजकार्याच्या एम. ए.ला दारू शिकवली, मटका शिकवला, सावकारी शिकवली. फिरत्या चाकाचा कॅसिनो हातातल्या फोनमध्ये येईल हे कुणाच्या अभ्यासक्रमात नव्हतं. या ॲपचं दुकान आपल्या देशात नसतं. परवाना म्हणे कॅरिबियन समुद्रातल्या कुराकाओ बेटाचा. पैसे भरायचे म्हटलं की ॲप एक क्यूआर दाखवतं, आणि तो दर वेळी वेगळ्या माणसाचा असतो. तिच्या खात्याचा उतारा काढला तेव्हा त्यात एक किराणा दुकान होतं, एक मोबाईल दुरुस्तीवाला होता, बाकी नुसती माणसांची नावं. ही भाड्याची खाती. कुणा गरिबाने चार पैशांसाठी आपलं पासबुक आणि सिमकार्ड दुसऱ्याला वापरायला दिलेलं असतं. म्हणजे उताऱ्यावर कॅसिनो कुठेच नाही, आणि म्हणून बँकेच्या लेखी जुगारही नाही.

आता परताव्याचं. आपल्याकडे वादात पडलेल्या पैशाच्या तीन पेट्या आहेत. पहिली पेटी, खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला पोचलेच नाहीत. त्याबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये नियम घातला. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाणारा यूपीआय व्यवहार असा फसला तर दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे आपोआप परत यायला हवेत, आणि उशीर झाला तर रोजचे शंभर रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे, तेही न मागता. तिचे दोन भरणे ॲपवर ‘प्रलंबित’ दिसत होते, एक ३,००० चा आणि एक ५,००० चा. त्यातला ३,००० चा खरोखर फसलेला निघाला. तो एकोणीस दिवस उशिरा परत आला. आम्ही नियमाचा हवाला देऊन पत्र लिहिलं तेव्हा कुठे वरचे १,९०० मिळाले. न मागता काही मिळालं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण या सगळ्या कहाणीत एवढीच एक जागा आहे जिथे नियम सरळ आपल्या बाजूने आहे, आणि तीही कुणी आपणहून सांगत नाही.

५,००० चं काय? ते कुणाच्या तरी भाड्याच्या खात्यात व्यवस्थित पोचले होते. ॲपच्या पाकिटात मात्र जमा झाले नव्हते. बँक म्हणाली, व्यवहार यशस्वी आहे. ॲपचा ‘मदतनीस’ चॅटवर म्हणाला, पडताळणीसाठी आणखी २,५०० भरा, मग दोन्ही दिसतील. नवऱ्याने भरले. ते दोन्ही गेले.

दुसरी पेटी, कुणा परक्याने तुमच्या संमतीवाचून पैसे काढले. २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने तत्त्व चांगलं घातलं होतं. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. आणि चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. पण त्याच परिपत्रकात पुढे हेही आहे की ग्राहकाने निष्काळजीपणे पिन वगैरे दुसऱ्याला कळू दिलं असेल तर तक्रार करेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच.

तिसरी पेटी जुगाराची. पैज लावली, हरला, संपलं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० म्हणतं की पैजेचा करार निरर्थक आहे, जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. हरलेल्याला तर कोर्टाच्या पायरीवर उभं राहायलाही लाज वाटते.

ती यातल्या कुठल्या पेटीत बसते? पैसे तिचे, फोन तिचा, पिन तिचा, मर्जी तिची नाही. आणि पैसे काढणारा परका नाही, शेजारी झोपणारा आहे. बँक तिला दुसऱ्या पेटीतून उचलून ‘निष्काळजी’च्या खात्यात टाकते.

निष्काळजी! मैत्रिणींनो, आपल्या वस्तीतल्या किती बायकांनी आपला पिन स्वतः ठरवला आहे? जनधनची खाती निघाली तेव्हा पोरगा सोबत गेला, त्यानेच चार आकडे ठरवले. फोन घेतला तो नवऱ्याने, त्यात यूपीआय टाकून दिलं भाच्याने. गटाच्या बैठकीत एकदा मी विचारलं, तुमचा पिन घरात आणखी कुणाला ठाऊक आहे? सगळ्या हसल्या. एक म्हातारी म्हणाली, “मला सोडून समद्यास्नी.” नवऱ्यापासून पिन लपवायचा तर त्याची किंमत काय असते ते बँकेच्या साहेबांना ठाऊक नसेल, आपल्या सल्लाकेंद्राच्या नोंदवहीला ठाऊक आहे. ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का’ इथून सुरुवात होते आणि शेवट दवाखान्यात होतो.

गप्प राहिली म्हणजे संमती दिली असं होत नाही, हे न्यायालयात मांडायला आपल्या चळवळीची हयात गेली. आता तोच जुना युक्तिवाद यंत्राच्या तोंडून येतो आहे. चार आकडे जुळले, म्हणजे बाईची संमती होती.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय बाकीचं बोलायचा मला अधिकार नाही. बँकेतून बाहेर पडल्यावर एका ओळखीच्या वकिलाने सल्ला दिला, फसवणूक झाली म्हणून लिहा, ‘अज्ञात व्यक्तीने व्यवहार केले’. मी १९३० ला फोन लावला आणि तिच्या वतीने तसंच सांगितलं. नंतरचा अर्ज तर माझ्याच अक्षरात आहे. चौकशी झाली. व्यवहार तिच्याच फोनवरून, तिच्याच घरातून, रात्री दीड ते तीनच्या दरम्यान. पोलीस म्हणाले, “बाई, नवऱ्यावर गुन्हा नोंदवायचा का? का खोटी तक्रार दिली म्हणून तुमच्यावर?” तिने तक्रार मागे घेतली. त्या रात्री घरी जे व्हायचं ते झालं. मला तासभर तिचाच राग आला, ही माघार घेते म्हणून! मग लाज वाटली. निर्णय बाईचा असतो असं प्रशिक्षणात इतरांना शिकवणारी मी, तिच्या तोंडी माझं खोटं घातलं होतं. तिचं खरं वाक्य पहिल्याच दिवशी माझ्यासमोर होतं. ते फॉर्मात मावत नाही म्हणून मी फॉर्मात मावेल असं वाक्य तिला दिलं.

हे खोटं विकणारी माणसंही आता वस्त्यांत फिरतात. अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी एवढे द्या. ‘मी केलंच नाही’ असं लिहा, कार्डाचा व्यवहार उलटवून देतो. एकदा लुटलेल्या बाईला दुसऱ्यांदा लुटायचा हा धंदा आहे. त्यांच्याजवळ आपल्याजवळ नाही असा कुठलाही कायदा नाही.

पण कहाणी इथे संपली नाही. जानेवारीत तिचं खातं गोठलं. कारण काय, तर नवऱ्याने एकदा ४,००० जिंकले होते आणि ते तिच्या खात्यावर आले होते. ज्या भाड्याच्या खात्यातून आले त्यात दुसऱ्या राज्यातल्या कुणा फसवल्या गेलेल्या माणसाचे पैसे होते. त्याने तक्रार दिली, पैशाचा माग निघाला, आणि तिकडच्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून इथे तिचं सगळं खातं बंद. वाद ४,००० चा. बंद झाली मजुरी, गॅसचं अनुदान, लाडकी बहीण योजनेचे दीड हजाराचे हप्ते. हरले तेव्हा पैसे तिचे नव्हते असं कुणी मानलं नाही. जिंकले तेव्हा मात्र गुन्ह्याचे पैसे तिचेच! वादातल्या रकमेपुरतीच रोक लावा, सगळं खातं गोठवू नका, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत सांगितलं होतं. तो निकाल जोडून आम्ही त्या पोलीस ठाण्याला आणि बँकेला लिहीत राहिलो. पाच महिने लागले.

(नवऱ्याने एकदा ११,०००ही जिंकले होते. ते काढायला त्याने ॲपवर अर्ज केला, तर पैसे दोन दिवस ‘प्रक्रियेत’, आणि खाली बटण, ‘रद्द करून खेळा’. रात्री दोन वाजता त्याने ते दाबलं. ब्रिटनमध्ये काढायला टाकलेले पैसे असे परत ओढून घेण्याची सोय २०२१ मध्ये बंद करायला लावली. बटण कुठे ठेवायचं ते तिथल्या सरकारला कळलं. आपल्याकडे अजून नवऱ्याच्या चारित्र्याचीच चर्चा चालते.)

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैशांचा व्यवहार करू देणारी बँकही त्यात सापडू शकते. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. देशी कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले, पाकिटातली शिल्लक काढून घ्या म्हणाल्या. आपल्यातल्या काहींनी पेढे वाटले. बंदीच्या मी विरोधात नाही. पण बाटली आडवी करायला आपण गेलो तेव्हा दारूच्या दुकानाला दार होतं, त्या दारासमोर बसता येत होतं. कुराकाओच्या दारासमोर कसं बसणार? भाड्याच्या खात्यांवर चालणारा धंदा कायदा झाल्यामुळे लगेच उठून जात नाही. आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे वस्तीत कुणाला माहीत नाही. त्यामुळे बायका आता आणखी घाबरून गप्प बसतात. हरलेला पैसा घरात परत येण्याची वाट तर त्या कायद्यातही नाही.

वाट आहे ती आपल्याच जुन्या कायद्यात, आणि आपणच ती विसरलो आहोत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ ही हिंसाच आहे. कलम १८ खाली दोघांच्या वापरातली बँक खाती हाताळायला न्यायदंडाधिकारी बंदी करू शकतात, कलम २० खाली नुकसान भरून मागता येतं. आम्ही दुसऱ्यांदा अर्ज लिहिला तो संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत, तिच्याच शब्दांत. फोन माझा, खेळला नवरा, मी परवानगी दिली नव्हती. संरक्षण अधिकारी आधी म्हणाल्या, “मारहाण किती?” मारहाण होतीच, पण आम्ही पासबुक पुढे केलं. त्यांनी ते वाचलं आणि अहवालात लिहिलं, याबद्दल त्यांचे आभार. प्रकरण चालू आहे. नवऱ्याने तिच्या खात्याला हात लावायचा नाही, एवढा अंतरिम आदेश मिळाला.

यावर आपल्यातल्याच एकीने मला विचारलं, बायका खेळत नाहीत का? खेळतात. आमच्याकडे एक शिक्षिका येते, तिने स्वतः रमीत दागिने घालवले. तिला नवऱ्याच्या नावावर खापर फोडायचं नाही आणि मी फोडूही देणार नाही. तिचा प्रश्न व्यसनाचा आहे, त्याला उपचार लागतात. मुद्दा बाई निर्दोष असते हा नाहीच. प्रत्येकीचं खरं जसं असेल तसं लिहायला जागा हवी.

म्हणून बँकांकडे आमचं मागणं साधं आहे. तक्रारीच्या फॉर्मात एक रकाना वाढवा, ‘घरातल्या व्यक्तीने माझ्या मर्जीविरुद्ध व्यवहार केला’. तो भरला की निष्काळजी ठरवण्याआधी चौकशी करा, बाईला एकटीला भेटून, नवऱ्याला शेजारी बसवून नाही. रात्री अकरानंतर पैसे जाऊ नयेत असं बाईने लेखी दिलं तर ते पाळा. पिन बदलायला आलेल्या बाईला ‘घरच्यांना घेऊन या’ म्हणू नका. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे शाखेत मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावा.

गटाचे पैसे ती फेडते आहे, महिन्याला हजार. बायकांनी तिला सचिवपदावरून काढलं नाही. भांडण झालं, दोघी गट सोडून गेल्या, बाकीच्या राहिल्या. पैसे आता त्याच दिवशी गटाच्या खात्यात भरतात, पाळीपाळीने एकीचा खाडा सगळ्या मिळून सोसतात. तिने नवा पिन ठरवला तेव्हा मी शेजारी होते. तिने मला तोंड फिरवायला सांगितलं.

रकान्याबद्दलच्या आमच्या पत्राला बँकेचं उत्तर आलं आहे. ‘आपली सूचना नोंदवून घेतली आहे.’ ते फायलीला लावलं, आणि दुसरं पत्र लिहायला घेतलं आहे.