मोडीत काढायची घाई

“वैनी, गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त होतोय. काढून टाका की आता.”

गेल्या नोव्हेंबरात आठ दिवसांत हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं. दिरांनी म्हटलं, जावयाने म्हटलं, बस्तीत दर्शनाला गेले तर तिथे ट्रस्टी काकांनी म्हटलं. मुलाने पुण्याहून फोनवर म्हटलं, तेही दोनदा. यांतल्या एकानेही गाडीचं बॉनेट उघडून बघितलं नव्हतं.

गाडी 2011 ची. तीन सिलिंडरची लहान पेट्रोल गाडी, 78,000 किलोमीटर चाललेली. शाळेच्या पगारातून मी स्वतः घेतलेली. आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नव्हती. तेव्हा ह्यांना दवाखान्यात न्यायचं, सासूबाईंना तवंदीला न्यायचं, लेकीच्या बाळंतपणाला फोंड्याला जायचं, ते सगळं मीच केलं. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

लेकीकडून परत येताना चोर्ला घाटात गाडी तापली. बॉनेटमधून वाफ यायला लागली तेव्हा मी थांबायला हवं होतं. अंधार पडत होता, शेजारी मावशी बसलेल्या, म्हणून मी तशीच कणकुंबीपर्यंत दामटली. ही चूक माझी. रेडिएटर गळत होता, पाणी कमी होतंय हे महिनाभर दिसत होतं, आणि मी रोज वर पाणी ओतून वेळ मारून नेत होते. इंजिन तसंच तापत ठेवलं की हेड वाकतं, गॅस्केट जळतं, आणि पाणी ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पट्टी ओढून बघितली तर दुधाच्या चहासारखा रंग.

टो करून गाडी एका मोठ्या वर्कशॉपात नेली. काचेच्या केबिनमधल्या पोराने पहिला प्रश्न विचारला, “साहेब नाही आले?” मी म्हटलं, साहेब येणार नाहीत, माझ्याशीच बोल. तर तो माझ्याशी न बोलता कॉम्प्युटरशी बोलला आणि 62,000 चा कागद हातात ठेवला. त्याच दमात म्हणाला, “म्याडम, हिच्यात पैसे घालू नका. आहे तशी द्या, एक्स्चेंजमध्ये 40,000 लावून देतो.” हेड न उतरवता! हेड उतरवल्याशिवाय ते किती वाकलंय, चीर आहे की नाही, हे सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आता माझं भांडण नीट ऐका. 62,000 खर्च, 40,000 किंमत, म्हणजे तोटा, असा हा सगळ्यांचा हिशेब. पण 40,000 ही बंद गाडीची किंमत. तीच गाडी चालू असती तर आमच्या बेळगावात 1,40,000 ला गेली असती. म्हणजे मोडक्या वस्तूची किंमत एका पारड्यात आणि धडधाकट करण्याचा खर्च दुसऱ्या पारड्यात. असा ताजवा वाण्याच्या दुकानात चालला असता का? आणि मुळात मला गाडी विकायचीच नाही. जिला विकायची आहे तिने किमतीशी ताडावं. जिला चालवायची आहे तिने दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी ताडावं.

ते मी केलं. वहीत, पेन्सिलने. मुलाने सुचवलेली नवी गाडी रस्त्यावर यायला 7 लाख. दीड लाख हातचे भरले, साडेपाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षं घेतलं, तर हप्ता महिन्याला 11,550 च्या आसपास. पाच वर्षांत व्याजच 1,43,000. नव्या गाडीचा विमा जास्त, तो वेगळा. म्हणजे 62,000 धरले तरी साडेपाच हप्ते झाले. दुरुस्ती करून गाडी सहा महिने जरी बिनतक्रार चालली, तरी पैसे वसूल. ती नक्की सहा महिने चालणार की सहा वर्षं, एवढंच शोधायचं उरलं.

त्यासाठी मी उद्यमबागेजवळच्या एका मिस्त्रीकडे गेले. हा माणूस मला “अक्का” म्हणतो आणि हातात ग्रीस असतानाही पूर्ण वाक्यात बोलतो. तो म्हणाला, “अक्का, आधी हेड उतरवूया. उतरवायची मजुरी द्या. आत बघून मग ठरवा. नको वाटलं तर तिथंच थांबू.” एवढी साधी गोष्ट दहा शहाण्यांपैकी कुणाला सुचली नव्हती. आधी थोडे पैसे माहितीसाठी खर्च करायचे, मग मोठे. साडी घेतानासुद्धा आपण पदर उलगडून बघतो!

हेड उतरवलं. पट्टी ठेवून, फटीत गेज घालून त्याने मला दाखवलं. वाकलं होतं, पण चीर नव्हती. ते लेथवर फेसिंग करून घेतलं. आमच्या गावात फाउंड्री आणि मशीनशॉप गल्लोगल्ली, तेव्हा त्यासाठी कुठे लांब जावं लागलं नाही. सिलिंडरच्या भिंती साफ, खालून बेअरिंगचा आवाज नाही. गॅस्केट, व्हॉल्व्ह घासणं, नवा रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कूलंट, ऑइल, मजुरी. सगळं धरून 36,500. काढलेले पार्ट मी पोत्यात घालून घरी आणले. तुम्हीही मागा, न लाजता. विम्यातून होत नाही का, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते: साधा मोटार विमा अपघाताचं बघतो, यंत्राच्या बिघाडाचं नाही.

जुनं ते सोनं म्हणून मी डोळे मिटून बसलेली नाही. माझ्या बहिणीची मडगावची गाडी समुद्राच्या हवेने खालून इतकी गंजली होती की फ्लोअरमध्ये बोट जात होतं. तिला मीच म्हटलं, आता यात दमडी घालू नकोस, नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दे आणि प्रमाणपत्र घे. इंजिन नवं बसवता येतं, सांगाडा नाही. आणि मुलाचा एक मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही: माझ्या गाडीला एअरबॅग नाही. 2011 साली ती सक्तीची नव्हती. चालकापुढची 2019 मध्ये झाली. तो म्हणाला असता, “आई, तुझ्या जिवासाठी नवी घे,” तर मी गप्प बसून विचार केला असता. बसलेही.

पण तो काय म्हणाला ते सांगते. “नवी माझ्या नावावर घेऊ, पुण्यात ठेवू. तू रिक्षा कर, लागलं तर ड्रायव्हर बोलाव. या वयात कशाला ती धावपळ?”

मैत्रिणींनो, इथे माझं डोकं तापलं, आणि त्याला गॅस्केट नाही. आपल्या समाजात किती घरांत मी हे बघितलंय. नवरा गेला की वर्षाच्या आत गाडी ‘उगाच पडून असते’ म्हणून विकली जाते. स्कूटर भाच्याला जाते. मग बाई बस्तीत जायला कुणाच्या तरी मुलाची वाट बघत दारात उभी. गाडी खर्चिक झाली असं म्हणतात, पण बाईच्या किल्लीचा खर्च त्यांना परवडत नसतो. तोच माणूस स्वतःच्या डिझेल गाडीच्या टर्बोवर लाख रुपये घालतो तेव्हा ती ‘दमदार गाडी’ असते.

आणि ट्रस्टी काका! पर्युषणात परिग्रह-परिमाणावर तासभर बोलणारे. मला म्हणतात, “पंचकल्याणकाला ही गाडी घेऊन येणं तुम्हाला शोभत नाही.” काका, व्रतात वस्तूंची मर्यादा घालतात, मॉडेलच्या सालाची नाही. (हे मी तोंडावर म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. चारही दिवस बरे गेले.)

नोंदणीचं भय घालणारेही बरेच. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असं छातीठोक सांगतात. तो नियम दिल्ली आणि भोवतालच्या भागातला. आपल्याकडे खासगी गाडी तपासून घेऊन पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. फी 2022 पासून 600 ची 5,000 झाली, एवढंच. माझ्या गाडीची मुदत मे महिन्यात संपते. पाच हजार वेगळे काढून डब्यात ठेवलेत, टायरचे चौदा हजार त्याच्या खाली.

डिसेंबरात मावशींना घेऊन पुन्हा चोर्ल्याने फोंड्याला गेले. घाटात दोनदा थांबून बॉनेट उघडलं, बघितलं. पाणी जागच्या जागी. मावशी म्हणाल्या, “चल की गं, दिवस बुडायच्या आत जेवायला पोचायचं आहे.”