पहिला कुत्रा केवढा असावा?



उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट आहे. नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. वहीत घडी करून ठेवलेले एक चित्र त्याने मला दाखवले. चित्रात ग्रेट डेन जातीचा कुत्रा होता. त्याची पाठ शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेला लागत होती.

“सर, चाचा नागपूरहून याचं पिल्लू आणणार आहेत,” तो म्हणाला. “आमच्या घरी आजवर कुत्रा नव्हता. आता आणायचाच आहे तर मोठाच आणू. आमचं घर जंगलाला लागून आहे. बिबट्या आला तर हाच राखण करील.”

मी म्हणालो, “आणू नका.” त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात घंटा झाली आणि माझे बोलणे अर्धेच राहिले. ते आज पूर्ण करतो. तुमच्यापैकी आणखी काहींच्या मनातही असे चित्र असेल.

माझे मत सरळ आहे. ज्या घराने कधी कुत्रा पाळला नाही, त्या घराने पहिलाच कुत्रा अशा अवाढव्य जातीचा घेऊ नये. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर मुळीच घेऊ नये.

हे कुत्रे वाईट असतात म्हणून मी असे म्हणत नाही. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड या जाती स्वभावाने बहुधा शांत आणि प्रेमळ असतात. पतरस बुखारी यांचा ‘कुत्ते’ हा मजमून तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. तो वाचताना हसू आवरत नाही. पण रस्त्यावरून जाताना आपल्याला ज्यांची भीती वाटते, त्यांत हे महाकाय कुत्रे क्वचितच असतात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले होते. त्या यादीत ग्रेट डेन आणि सेंट बर्नार्ड नव्हते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रही रद्द केले. तेव्हा दोष या कुत्र्यांचा नाही. आपले हवामान, आपली घरे आणि आपला अननुभव यांच्याशी त्यांचा मेळ बसत नाही.

आधी हवामान घ्या. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेजवळ आल्प्स पर्वतात सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. ती समुद्रसपाटीपासून सुमारे २४७० मीटर उंच आहे. तेथील मठातले साधू बर्फात अडकलेल्या प्रवाशांना शोधण्यासाठी हे कुत्रे पाळत. बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीस माणसांचे प्राण वाचवले, असे सांगतात. तो १८१४ साली मरण पावला. बर्न शहराच्या संग्रहालयात त्याचे शरीर पेंढा भरून जपून ठेवले आहे. बर्फासाठी घडलेला तो दाट केसांचा कुत्रा आता चंद्रपूरच्या नवतपात डोळ्यांपुढे आणा! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. माणूस सावलीत बसतो, घाम येतो, अंग थंड होते. कुत्र्याला असा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांत असतात. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेव्हाच त्याचे अंग निवते. शरीर जेवढे मोठे, तेवढे ते निववणे अवघड. ग्रेट डेनचे केस आखूड असतात हे खरे, पण त्यालाही ही झळ सोसत नाही. त्याला कूलरची हवा हवी. म्हणजे त्याला घरात घ्यावे लागणार.

आणि इथेच आपल्या बहुतेक घरांत अडचण येते. आपल्याकडे कुत्र्याला घरात वावरू देत नाहीत. नमाजाची जागा, कपडे, भांडी पाक राहावीत म्हणून वडीलधारी माणसे हा नियम पाळतात. शेतीच्या, गुरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा ठेवण्याची मुभा आहे, हे तुम्ही दीनियातच्या तासाला शिकला आहात. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या मोज्यातून पाणी आणून पाजणाऱ्या माणसाची हदीसही तुम्हांला ठाऊक आहे. त्यामुळे कुत्र्याविषयी दया हवी, यात वाद नाही. मात्र आपल्या घरातला कुत्रा अंगणात किंवा सांदवाडीतच राहणार. जो कुत्रा तिथे राहू शकत नाही, तो आणून साखळीला बांधणे ही दया नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही सांगतो की, कुत्र्याला सतत बांधून ठेवून त्याला फिरवायचे नाही, हा गुन्हा आहे.

आता थोडे गणित करू. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे वजन साधारण अर्धा किलो असते. एका वर्षात ते ४५ ते ५० किलो होते, म्हणजे जवळजवळ शंभरपट! एवढ्या झपाट्याने वाढणाऱ्या हाडांना मोजून-मापून खाऊ घालावे लागते. नवखा माणूस प्रेमाने जास्त खाऊ घालतो, वर कॅल्शियमच्या गोळ्याही देतो आणि पिल्लाचे सांधे कायमचे बिघडतात. औषध वजनाप्रमाणे द्यावे लागते. आपला गावठी कुत्रा १५ किलोचा धरला, तर ६० किलोच्या कुत्र्याला चौपट औषध लागते. शिकवण्याचेही तसेच आहे. लहान पिल्लू अंगावर उड्या मारते तेव्हा सारे हसतात. तेच वर्षभराने दादीजानच्या अंगावर उडी मारते, तेव्हा त्या पडतात आणि त्यांचे हाड मोडते. त्यात कुत्र्याच्या मनात वैर नसते. पिल्लू लहान असतानाच “खाली” म्हणायला आपण शिकलेलो नसतो, एवढेच. ही विद्या माणूस पहिल्या कुत्र्यावर शिकतो. चुकाही पहिल्याच कुत्र्यावर होतात. पंधरा किलोच्या कुत्र्यावर केलेली चूक दुरुस्त करता येते.

एक आजार मुद्दाम सांगतो. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या पोटात कधी कधी वायू भरतो आणि पोटाला पीळ पडतो. ग्रेट डेनमध्ये हे विशेष आढळते. पोट फुगते, कुत्रा ओकारी काढू पाहतो, पण काही बाहेर येत नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर तो मरतो. आपल्या तालुक्याचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-बैल आणि शेळ्यांसाठी आहेत. पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपूरला आहे. चंद्रपूरहून ते सुमारे दीडशे किलोमीटर, आणि भामरागड-अहेरीकडच्या मुलांना त्याहून कितीतरी लांब. रात्री दोन वाजता साठ किलोचा तडफडणारा जीव कोणत्या गाडीत घालणार? शिवाय एवढे करूनही हे कुत्रे फार जगत नाहीत. ग्रेट डेनचे आयुष्य सात ते दहा वर्षांचे. अमेरिकेतला झ्यूस नावाचा ग्रेट डेन जगातला सर्वांत उंच कुत्रा ठरला होता. त्याची उंची ४४ इंच होती. २०१४ साली तो पाच वर्षांचा असतानाच गेला.

राहिला बिबट्या. त्या मुलाचा खरा प्रश्न तोच होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२२ साली चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या परिसरात आणि दुर्गापूरला वाघ-बिबट्यांनी माणसे मारली. भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय चुकला तर भीती वाढते. अकोले तालुक्यात (आजचा अहिल्यानगर जिल्हा) विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी करून तो काय खातो ते शोधले. त्याच्या खाद्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. इतका मोठा वाटा दुसऱ्या कोणत्याच प्राण्याचा नव्हता. म्हणजे ज्याला आपण पहारेकरी समजतो, तो बिबट्याचा घास आहे. कुत्रा थोराड असला तरी साखळीला बांधलेला असताना तो करणार काय? बिबट्याचे पोट शिकारीवर चालते. तो थेट गळा धरतो. वाघाची तर गोष्टच सोडा. आणि अंगणात एकदा शिकार मिळाली की तो त्याच अंगणात पुन्हा येतो. तिथे तुमची लहान भावंडे खेळतात.

कुत्र्याचे काम लढण्याचे नाही, खबर देण्याचे आहे. ती खबर गावठी कुत्राही तेवढीच चोख देतो. त्याला ऊन सोसते, आपले शिळेपाके पचते. मराठीत त्याला ‘इमानी’ म्हणतात. तो शब्द तुमच्याच ‘ईमान’वरून आला आहे. रात्री त्याला मजबूत जाळी, पक्के छप्पर आणि दार असलेल्या खोलीत कोंडावे. तिथून भुंकला तरी आवाज घरात येतो.

तो गावठी असला तरी लस मात्र चुकवू नका. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी, शिवाय डिस्टेंपरचीही. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग जंगलातही शिरतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत त्याने सुमारे एक हजार सिंह मेले, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी एक तृतीयांश. २०१८ साली गुजरातमधील गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हाही हा विषाणू सापडला. आपल्या शेजारी ताडोबा-अंधारीचे वाघ आहेत. म्हणून कुत्र्याला जंगलात मोकाट भटकू देणेही बरे नाही.

तुम्ही मोठे व्हाल, एक-दोन कुत्रे नीट सांभाळाल, घर गार ठेवण्याची सोय आणि खिशात पैसा असेल. मग ग्रेट डेनचा विचार जरूर करा. तेव्हा मी “आणू नका” म्हणणार नाही. तेव्हाही आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू कोणी देऊ लागला तर घेऊ नका. २०१७ च्या नियमांनुसार असे पिल्लू विकता येत नाही.

परवा तो मुलगा पुन्हा भेटला. मी विचारले, “काय ठरलं?”

“चाचा अजून ऐकत नाहीत, सर,” तो म्हणाला. “पण आधी सांदवाडीत खोली बांधायची आणि मगच पिल्लू आणायचं, एवढं त्यांनी मान्य केलं आहे. दार कोणत्या बाजूला ठेवू?”

मी म्हणालो, “घराच्या बाजूला.”