रिंगटोन आजीच्या ओवीची लावा

भोर-वेल्ह्याच्या एसटीत एक फोन वाजला की चारजण खिसे चाचपतात, कारण सगळ्यांची रिंगटोन सारखीच! वेगळी हवी म्हणून जाहिरातींनी भरलेलं ॲप कशाला घ्यायचं? घरात ओव्या येणारी आजी आहे ना.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पातून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या 1 लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पण तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. जातं थांबलं, गिरणी आली, आता नातवंडांना ती ऐकायला मिळणार कुठे?

आजीला विचारून, पंखा बंद करून फोनवर रेकॉर्डिंग करा. जातं असेल तर ओढतानाच गाऊ द्या, घरघर हवीच. सुरुवातीची शांतता कापा, नाहीतर ओवी सुरू व्हायच्या आत फोन उचलला जातो. वीस-पंचवीस सेकंद पुरतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, साउंड, रिंगटोन इथे जाऊन ती फाइल निवडायची. आयफोनवर गॅरेजबँड वापरून करता येतं, तेही फुकटच. हे काम मुलांना द्या, त्यांना आपल्यापेक्षा लवकर जमतं.

मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. त्याला आजीचं नाव, गाव आणि तारीख द्या.