गरज कोणाची, हाव कोणाची?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, पर्यावरण म्हटलं की आपण मुलांकडून ‘झाडे लावा, झाडे जगवा’ या विषयावर निबंध लिहून घेतो. ‘माणसाच्या हव्यासामुळे निसर्गाचा ऱ्हास होत आहे’ हे वाक्य त्यात हमखास असतं. पण हा ‘माणूस’ नेमका कोण?

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) जरूर वाचा. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणग्रस्तांची आहे. यातल्या प्रत्येकाला काहीतरी हवं आहे. बागायतदारांना धरणाचं पाणी हवं, पण विस्थापितांना जमीन द्यायची नाही. दलालांना आणि भ्रष्ट अधिकाऱ्यांना पैसा हवा. जांभळी गावच्या लोकांना फक्त हक्काची जमीन आणि डोक्यावर छप्पर हवं. त्यांच्या बाजूने उभे राहतात ते खैरमोडे गुरुजी, म्हणजे आपल्यासारखेच एक शिक्षक! इच्छा सगळ्यांनाच आहे, पण तिची किंमत मात्र एकच गाव मोजतं.

हे आपल्यापासून लांब नाही. तानसा, मोडकसागर, भातसा हे मुंबईला पाणी देणारे जलाशय आपल्या शहापूर भागातले. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतो. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते.

सिद्धगडचं जंगल भीमाशंकर अभयारण्यात येतं. पायथ्याच्या वाडीतली आई चुलीसाठी वाळक्या फाट्यांची मोळी आणते. तिचं पोर शाळेत ‘वृक्षतोड हा गुन्हा’ असं लिहितं, तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे आईच येणार ना? रस्त्याकडेला डोंगर पोखरून उभं राहिलेलं फार्महाऊस त्याला गुन्हा वाटत नाही, प्रगती वाटते. माझ्या मते आपलं शिकवणं इथेच चुकतं.

म्हणून घोषणा थोड्या कमी करूया. गोष्ट असो की गावातली घटना, मुलांना तीन प्रश्न विचारूया: कोणाला काय हवं आहे? त्यावाचून त्याचं अडेल का? आणि त्याची किंमत कोण मोजतंय? चौथीची मुलंसुद्धा याची नेमकी उत्तरं देतात.

पालकहो, तुम्हीही घरी हे विचारून बघा. फक्त एक तयारी ठेवा, तिसऱ्या प्रश्नानंतर मूल आपल्याच घरातल्या नळाकडे किंवा नव्या गाडीकडे बोट दाखवेल. तेव्हा त्याला गप्प करू नका.